मोजणीदारांचा स्टोव्ह

६ जानेवारी

आज एक म्हातारे गृहस्थ पायरी पायरीवर दम खात आमचा जिना चढून आले आणि पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. झाकण उघडायच्या आधीच मी ओळखलं. प्रवासी स्टोव्ह. पितळी टाकी, घडीचे तीन पाय, मुठीएवढा बर्नर. निदान साठ वर्षांचा असेल.

गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यात होते. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडले, तंबूत राहिले, आणि तंबूत स्वयंपाक ह्या स्टोव्हवर. आता वय चौऱ्याऐंशी, एकटेच राहतात. म्हणाले, "ह्याच्यावर एकदा चहा करून प्यायचाय. डॉक्टरांनी चहा बंद केलाय, पण डॉक्टर काही स्टोव्ह हुंगायला येणार नाहीत." माझं नाव त्यांना भंगारवाल्याने सांगितलं. भंगारवाला माझा जुना मित्र. असे एकतीस स्टोव्ह मी, बहुतेक त्याच्याच ढिगातून, उचलून आणलेत आणि पेटते केलेत.

ते गेल्यावर ही म्हणाली, "एकतीस होते, आता बत्तीस. घरात माणसं दोन."

मी म्हटलं, "हा आपला नाही. परत जायचाय."

"पाचव्याच्या वेळीही हेच म्हणाला होतात." शिवणमशीनवर कपड्यांच्या दुकानातून आलेली कुणाची तरी पँट आखूड करत होती, मान वर न करता बोलली. हिचं खरंच आहे. पाचवा अजून कपाटावर आहे.

९ जानेवारी

मोजणीदारांचा स्टोव्ह खोलला. टाकीत जुन्या रॉकेलचा डिंक झालाय. पंपाचं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालंय. टाकीच्या बुडाला कुणी अडाण्याने कथील वितळवून डाख दिलेला आहे, तो काढून नवा द्यावा लागेल. बाकी माल अस्सल. नीट केला तर असा गर्जेल की तीन घरं पलीकडे ऐकू जाईल.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. गॅसची नळी कुठे गळतेय ते मी दारातूनच सांगायचो. प्रोफेसर मंडळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसायची, तोवर मी नळी बदलून मोकळा. मला 'नाकवाले' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी भाषणातही कुणीतरी तो विनोद केला.

आज मात्र बर्नरच्या भोकात पिन घालायला अर्धा तास गेला. भोक केसाएवढं, मान्य, पण मी अशी शेकड्यांनी साफ केलीत. उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटावर घासत राहतो, तंबाखू मळल्यासारखा. गारठाच फार आहे.

१७ जानेवारी

हिच्याशी वाजलं. कारण काय, तर भाजी. चार दिवस झाले, भाजी खाल्ली काय आणि वाळलेलं गवत खाल्लं काय, सारखंच. मी म्हटलं, "तुझा हात बिघडलाय."

"शेजारीण वाटीभर मागून घेऊन गेली, तिला नाही बिघडलेला वाटला."

"शेजारीण भिडस्त आहे."

तिने ताट उचलून नेलं. नंतर स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी त्या रॉकेलच्या बाटलीचं झाकण लावा! घरभर वास सुटलाय, लोकांच्या कपड्यांना लागतो, दुकानदार बोलतो मला."

बाटली बघितली तर झाकण खरंच उघडं होतं. पण वास म्हणाल तर कणभरसुद्धा नव्हता. हिला स्टोव्ह नको असतात, म्हणून हिला वास येतो.

२१ जानेवारी

मुलीचा फोन आला. चेहरा दिसतो तो. तिच्या ऑफिसात तिला वरची जागा मिळाली, हाताखाली अठरा माणसं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. माझं ऊर भरून आलं. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून स्टोव्हचे वॉशर अंगठ्या म्हणून घालायची, ते आठवलं.

तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?"

मी म्हटलं, "झाला की."

"मग असे का बघताय? रागावलात का कशावर?"

मी नाही नाही म्हणत राहिलो. तिने फोन आईकडे द्यायला सांगितला. नंतर ही मला म्हणाली, "पोरीचा आनंदाचा दिवस, आणि तुम्ही दगडासारखे बसलात."

मला कळतच नाही, ह्या दोघींना माझ्याकडून काय हवंय. मी काय उड्या मारू?

३० जानेवारी

डाख तिसऱ्यांदा दिला. पहिले दोन वेडेवाकडे बसले, शिकाऊ माणसाने दिल्यासारखे. तिसराही मनासारखा नाही, पण धरेल. मोजणीदार अधूनमधून चौकशीला येतात. आज खुर्चीवर बसून माझं काम बघत होते. म्हणाले, "तुम्ही फार सावकाश काम करता. चांगलंय. घाईने मोजलं की बांधावरून डोकी फुटतात." मला बरं वाटलं. पण सावकाश मी मुद्दाम करत नाही, हे त्यांना सांगितलं नाही. सकाळी शर्टाची बटणं लावायलासुद्धा वेळ लागतो हल्ली.

ही वही मागे चाळली. नोव्हेंबरात एका पानात दहा-बारा ओळी बसत होत्या, आता वीस बसतात. अक्षर मुंग्यांसारखं झालंय. पेन बदलायला हवं.

४ फेब्रुवारी

हिचा हात भाजला. आज लिहवत नाही.

६ फेब्रुवारी

लिहून टाकतो. निदान वहीशी तरी खोटं बोलायला नको.

परवा सकाळी दहाच्या सुमारास मोजणीदारांचा स्टोव्ह पहिल्यांदा पेटवायला घेतला. टाकी भरली, खाली जाड फडकं घातलं, पंप मारला. ही शेजारच्या खोलीत मशीनवर होती. तिथूनच म्हणाली, "अहो, फार वास येतोय. गळतंय काहीतरी. काडी ओढू नका." मला वाटलं, नेहमीचंच. मी वाकून हुंगलं. काही नाही. काडी ओढली.

डाख गळत होता. फडकं खालून भिजून चिंब झालं होतं. ते एकदम पेटलं, टेबलाच्या कडेने जाळ सरसर गेला आणि मधोमध पंप मारलेली भरली टाकी. मला सगळं कळत होतं. टाकी तापली की फुटणार. ओलं पोतं कुठे आहे, वाळूची बादली कुठे आहे, सगळं डोळ्यांपुढे होतं. बादली तर दोन पावलांवर होती.

मी हललो नाही.

ही धावत आली. उजव्या हाताने स्टोव्ह फडक्यासकट उचलला आणि बाथरूममध्ये भिरकावला. स्वेटरची बाही पेटली. "अहो!" म्हणाली. मग पुन्हा "अहो!" म्हणाली. मी तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा होतो, हातात काड्याची पेटी. पाय फरशीला खिळे ठोकल्यासारखे. तिने स्वतःच नळ सोडला, स्वतःच हात पाण्याखाली धरला. शेजारीण आली, टेबलावरच्या जाळावर बादलीतली वाळू ओतली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. त्या दोघी जिना उतरल्या तेव्हा कुठे माझं पाऊल उचललं.

११ फेब्रुवारी

तळहात, दोन बोटं आणि कोपरापर्यंतचा हात. डॉक्टर म्हणाले जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. शिवणकाम करणारीचा उजवा हात. दुकानदाराचे कपडे शेजारणीने परत पोचवले.

आठवडाभर ही माझ्याशी बोलली नाही. आज बोलली. डाव्या हाताने चमचा धरून जेवत होती, मधेच थांबली.

"मी पेटले होते. तुम्ही स्टोव्हकडे बघत होतात."

"नाही गं."

"माझ्याकडे तरी कुठे बघत होतात? चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही तुमच्या. वाटेवरचा माणूससुद्धा ओरडला असता हो. वाटेवरचा!"

मला सांगायचं होतं की मी आतून ओरडत होतो. पण ते ऐकायला कसं वाटलं असतं? मी म्हटलं, "मला सुचलं नाही."

"चौतीस वर्षं यंत्रांचं सगळं सुचलं," ती म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी तिची बहीण आली. मेहुणीने माझ्याकडे न बघता बॅग भरली. चार कपडे, औषधं, चष्मा. दारात ही थांबली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. "गॅस बंद करत जा," म्हणाली.

१९ फेब्रुवारी

आठ दिवस एकटा. कपाटांवर, खिडकीत, पलंगाखाली एकतीस स्टोव्ह. एकालाही हात लावलेला नाही. मोजणीदारांचा बाथरूममधून उचलून डब्यात ठेवलाय, एक पाय वाकलाय.

रोज एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघतो. मी का हललो नाही? घाबरलो म्हणावं, तर घाबरलेला माणूस पळतो. मी पळालोही नाही. मग खरंच मला तिचं काही वाटत नव्हतं का? छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या आत काहीतरी सुकून गेलं आणि मला पत्ताच लागला नाही, असं झालं असेल का? मुलगी म्हणते मी रागावलेला दिसतो, बायको म्हणते दगड. दोघींना दिसतं आणि मलाच दिसत नाही, तर खरं त्यांचंच असणार. आरशात पाहिलं. आरशात एक माणूस होता. त्याच्याकडे बघून मलाही त्याची माया वाटली नाही.

मुलीला फोन केला. "आईला जरा वेळ द्या, बाबा," एवढंच म्हणाली. सूर असा, की हाताखालच्या अठरांपैकी एकाशी बोलतेय.

२३ फेब्रुवारी

काही नाही. पलंगावरून उठायला दोन प्रयत्न लागतात. ज्याच्यासाठी उठायचं असं काही घरात नाही, म्हणून असेल.

२ मार्च

मोजणीदारांचा डबा परत द्यायला गेलो. तिसरा मजला. खोली एकच, भिंतीला हाताने काढलेले नकाशे, कोपऱ्यात मोजणीची लोखंडी साखळी गुंडाळून ठेवलेली. त्यांना सगळं सांगितलं. डाख गळला, बायको भाजली, मी उभा राहिलो. परक्या माणसाला सांगायला सोपं गेलं.

त्यांनी स्टोव्ह खिडकीत ठेवला. "राहू द्या. पेटला तेवढा पुरे झाला," म्हणाले. मग गॅसवर चहा केला, अर्धा कप स्वतःला, एक मला. मी निघालो तेव्हा म्हणाले, "जरा त्या दारापर्यंत जाऊन परत या."

"का?"

"या तर."

मी गेलो, वळलो, आलो. त्यांनी चष्मा वर केला.

"मी जन्मभर पावलांनी जमिनी मोजल्या. साखळी नसली की पाऊल. माणसाचं पाऊल मला पाठीमागूनसुद्धा कळतं. जानेवारीत तुम्ही जिन्यापर्यंत सोडायला आलात तेव्हाच मनात आलं होतं, पण फारशी ओळख नसताना कसं बोलणार? तुमचं पाऊल वीतभर आखूड झालंय. वळायला तुम्हाला सहा पावलं लागली, दोन लागायला हवीत. आणि चालताना उजवा हात हलत नाही तुमचा. खुंटीवरच्या कोटासारखा लोंबतो."

"वय झालं."

"माझं तुमच्याहून वीस-पंचवीस वर्षं जास्त झालंय," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ असाच चालायला लागला होता. डॉक्टरला दाखवा. मेंदूच्या."

रागच आला. बायको जळताना उभ्या राहिलेल्या माणसाला डॉक्टर काय करणार? त्याला काय औषध असतं?

१० मार्च

मोजणीदारांनी ओळखीच्या दवाखान्यात वेळच ठरवून टाकली. तिथून निरोप आला, रोज बघणारं घरचं कुणी बरोबर आणा. रोज बघणारं आता कुणीच नाही. तरी मेहुणीकडे फोन केला. फोन हिनेच उचलला. मी दवाखान्याचं सांगितलं. मग म्हणाली, "किती वाजता?"

१४ मार्च

दवाखाना. ही परस्पर तिथे आली, बाकावर माझ्यापासून एक जागा सोडून बसली. हाताची पट्टी निघालीय. कातडी गुलाबी आणि ताणलेली, दोन बोटं आकड्यासारखी वळून बसलीत. मी बघतोय असं दिसल्यावर तिने तो हात पर्सखाली घेतला.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, चालवलं. मागून खांदे धरून ओढलं, तर मी पडलोच असतो. कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं. ते शेवटाकडे बारीक बारीक होत गेलं. मग छोट्या बाटल्या एकेक करून नाकाशी धरल्या. "हा कशाचा वास?" पाणी, मी म्हटलं. "हा?" पाणी. सगळ्या बाटल्यांत पाणी होतं. मी गंमत म्हणून हिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला तिसऱ्या खुर्चीवर बसून लवंगेचा वास येत होता.

"वास कधीपासून येत नाही?" बाईंनी विचारलं.

मला सांगता येईना. एखादी गोष्ट नाही हे कळायला ती आधी हवी असते.

कंपवात. बाईंनी कागदावर नाव लिहून दिलं. गोळ्यांनी हालचाल सुधारेल, पण रोग जाणार नाही, हळूहळू वाढत जाईल. हात, पाऊल, अक्षर, नाक, चेहरा, सगळं त्यातलंच. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही.

उठता उठता हिने एकच विचारलं. "फेब्रुवारीत घरात जाळ झाला. मी भाजत होते आणि हे जागचे हलले नाहीत. ते आले नाहीत, का त्यांना येता आलं नाही?"

"घाबरल्यावर ह्या रोगात पाय जमिनीला चिकटू शकतात," बाई म्हणाल्या. "मी तिथे नव्हते, पण तुम्ही सांगता तसं असेल तर त्यांना येता आलं नसावं."

बाहेर बसच्या थांब्यावर आम्ही दोघं उभे. आमच्या घरची बस एका बाजूने, मेहुणीकडची दुसऱ्या बाजूने. एक सांगायला हवं. न बरं होणारा रोग घेऊन मी तिथे उभा होतो आणि गेल्या सव्वा महिन्यात इतकं हलकं मला वाटलं नव्हतं. मी दगड नव्हतो. मला वाटलं, आता ती आमच्या बसमध्ये चढेल.

ती म्हणाली, "मला सवड द्या थोडी."

"आता तर कळलं ना तुला."

"कळलं हो." तिचा आवाज फाटला. "सव्वा महिना मी तुमच्यावर चिडून दिवस काढलेत. हात ठणकला की तुम्हाला शिव्या घालायच्या, तेवढंच बरं वाटायचं. आता तो सगळा राग कुठे नेऊन टाकू? तुमच्यावर टाकता येत नाही. डॉक्टरांनी तेही काढून घेतलं."

तिची बस आधी आली.

२८ मार्च

दुसऱ्या गावचे एक संग्राहक आले आणि एकतीसच्या एकतीस स्टोव्ह घेऊन गेले. काचेच्या कपाटात मांडणार आहेत. मी टाक्या आधीच रिकाम्या करून ठेवल्या होत्या, बाटल्यांतलं रॉकेल भंगारवाल्याला दिलं. संग्राहक एकेक स्टोव्ह हातात घेऊन विचारत होते, "हा पेटतो?" मी म्हणत होतो, "पेटतो." तिसाव्यापर्यंत त्यांचं विचारणं थांबलं. शेवटचा त्यांनी न विचारताच खोक्यात टाकला. सगळ्यात कठीण तोच होता, चार महिने घालवले होते त्याच्यावर.

खोकी खाली नेईपर्यंत मी दारातच उभा होतो. वाईट वाटायला हवं होतं. कपाटावर धुळीत गोल गोल ठसे राहिलेत, ते पुसायचं काम तेवढं डोक्यात आलं.

५ एप्रिल

ही आली. न कळवता. बॅग दारात ठेवली, चप्पल काढली, आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं. किती वाजता कुठली ते डाव्या हाताने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं. म्हणाली, "तुमच्या गोळ्यांचं कोण बघणार?" रिकाम्या कपाटाकडे तिने एकदा बघितलं.

मी इतका खूश होतो की रडू आलं. रडताना तरी चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असेल.

१९ एप्रिल

ही वाईट वागत नाही. उलट. बटणं लावते माझी, तीन चांगल्या बोटांनी. बुटाची नाडी बांधते. वळताना कोपर धरते. माझ्याशी हळू आवाजात, शब्द सुटे सुटे करून बोलते, बहिऱ्याशी बोलावं तसं. मुलीचा रोज फोन येतो. तीही तशीच बोलते. माझा चेहरा आता कुणी वाचत नाही. कशाला वाचतील? त्यावर काही लिहिलेलं नसतं हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय.

माझ्यावर चिडली होती तेव्हा मी तिचा नवरा होतो. वाईट असेन, पण नवरा. वहीत लिहितोय, तिला कसं सांगू?

आज सकाळी माझ्या हातून तिचा कप पडला. निळ्या काठाचा, तिच्या आईकडचा, ज्याला ती मला कधी हात लावू द्यायची नाही. गोळीला उशीर झाला होता, पकड सुटली. फरशीवर तुकडेच तुकडे. मी वाट बघत उभा राहिलो. खरं सांगतो, आशेने उभा राहिलो. पूर्वी अर्धा तास घर डोक्यावर घेतलं असतं तिने, माझ्या आईबापापासून सुरुवात केली असती.

ती केरसुणी घेऊन आली. डाव्या हाताने तुकडे गोळा केले, आकड्यासारख्या बोटांनी सुपली धरून.

"लागलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग बसा तुम्ही," ती म्हणाली, आणि केर टाकायला गेली.